उशाशी बसणाऱ्या बायका

घरी येऊन आजारी माणसाचं सगळं करणाऱ्या बाईला आपल्या भाषेत धड नाव नाही. कुणी तिला मावशी म्हणतं, कुणी आया, कुणी नुसतंच 'बाई'. आमच्या बेळगावात अक्का म्हणायची रीत आहे. ब्यूरोवाले फोनवर 'उद्यापासून स्टाफ पाठवतो' म्हणतात, आणि थोडी शिकलेली असली तर 'केअरटेकर'. डॉक्टर म्हटलं की माणूस डोळ्यांपुढे येतो, सिस्टर म्हटलं की पांढरा गणवेश दिसतो. पण रात्री दोन वाजता आजारी माणसाची कूस बदलणारी, बेडपॅन लावणारी, दात नसलेल्या तोंडात चमच्यानं पेज घालणारी जी बाई, तिला नातं चिकटवून आपण मोकळ्या होतो. नात्याला पगार द्यावा लागत नाही ना!

नावात काय एवढं, असं वाटेल. पण या कामाचा इतिहास जमेल तसा वाचत गेले, तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. ज्या कामाला नाव नसतं त्याचं मोल ठरत नाही, आणि जिच्या कामाचं मोल ठरत नाही तिला कुणी मत विचारत नाही. घरातल्या शुश्रूषेत पुढारपण कुणाचं, आणि मान कुणाला, हा प्रश्न जुना आहे. दीडशे वर्षांहून अधिक काळ निरनिराळ्या देशांत तो निरनिराळ्या तऱ्हेनं सोडवायचा प्रयत्न झाला आहे. त्याचीच ही गोष्ट.

सुरुवात आपल्याच गावापासून करू. दवाखाने नव्हते तेव्हा घरी येऊन शुश्रूषा करणारी पहिली बाई म्हणजे सुईण. आपल्यापैकी पन्नाशी-साठी ओलांडलेल्या कितीतरी जणी सुईणीच्याच हातांत जन्मल्या. अडलेली बाळंतीण सोडवणं, नाळ कापणं, शेक-शेगडी, तेल लावणं, न्हाऊ घालणं हे सगळं तिच्याकडे. बाळंतिणीच्या खोलीत तिचा शब्द शेवटचा. घरच्या कर्त्या पुरुषानं उंबऱ्याबाहेर ताटकळायचं आणि सुईण काय सांगते याची वाट बघायची. म्हणजे पुढारपण तिचंच होतं. आणि मान? बारशाला साडीचोळी, नारळ, सूपभर धान्य. पुष्कळ गावांत ही सुईण अस्पृश्य मानलेल्या जातीतली असे. तिच्या हातांत बाळाचा जीव दिलेला चाले, पण तिच्या हातचं पाणी चालत नसे. या एका वाक्यात घरच्या शुश्रूषेचा अर्धा इतिहास येतो.

उरलेला अर्धा इतिहास सांगायचा तर आधी इंग्लंडात लिव्हरपूलला जावं लागेल, कारण घरोघर जाऊन आजाऱ्यांची सेवा करायची पगारी, शिकलेली व्यवस्था तिथे उभी राहिली. तिची सुरुवात झाली एका घरातल्या मृत्यूनं. विल्यम रॅथबोन हा तिथला मोठा व्यापारी, जहाजांचा मालक. १८५९ साली त्याची बायको आजारी होती. तिच्यासाठी त्यानं मेरी रॉबिन्सन नावाची एक नर्स घरी ठेवली होती. बायको गेली. पण पैसा, डॉक्टर, मोठं घर असं सगळं असूनही शेवटच्या दिवसांत तिला आराम कशानं मिळाला असेल तर तो या बाईच्या हातानं, हे रॅथबोनच्या मनात राहिलं. मग त्याला वाटलं, आपल्याकडे सगळं असून आपली ही गत, तर ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांच्या घरात आजारपण म्हणजे काय होत असेल?

त्यानं मेरी रॉबिन्सनला तीन महिन्यांसाठी पगारावर नेमलं आणि शहराच्या एका गरीब वस्तीत घरोघर जाऊन आजाऱ्यांची सेवा करायला सांगितलं. औषधं, पांघरुणं, पोषक खाणं याचा खर्च त्याचा. महिनाभरानं ती रडत परत आली. जे बघावं लागतं ते सोसवत नाही, मला यातून सोडवा, असं तिनं सांगितलं. अंधाऱ्या कोंदट खोल्या, एकाच अंथरुणात आजारी बाप आणि पोरं, घाण, भूक. रॅथबोननं तिची समजूत काढली, थोडं थांबून बघ म्हणाला. ती थांबली. आणि तीन महिने संपले तेव्हा, आता हेच काम करायचं, दुसरं नको, असं तीच म्हणाली. कारण तिनं फरक घडताना पाहिला होता. खिडकी उघडायला शिकवली, अंथरूण स्वच्छ ठेवायला शिकवलं, जखम कशी धुवायची ते घरच्या बाईला दाखवलं, आणि ज्यांची आशा सोडली होती ती माणसं उठून बसली.

मला इथे थांबावंसं वाटतं. लिव्हरपूलच्या सेंट जॉन्स गार्डन्समध्ये रॅथबोनचा पुतळा आहे. तो असावाच, माणूस मोठ्या मनाचा होता. पण ही कल्पना चालते की नाही याचा निकाल त्यानं दिला नाही. तो दिला त्या बाईनं. ती महिनाभरानं घरी गेली असती तर ही गोष्ट तिथेच संपली असती. योजनेमागे पैसा रॅथबोनचा होता, आणि योजना खरी करणारा जीव मेरी रॉबिन्सनचा. पुढारपण म्हणजे पैसा पुरवणं की घाणीच्या खोलीत दुसऱ्या दिवशी पुन्हा जाणं?

पुढे रॅथबोनला आणखी नर्सेस हव्या होत्या, पण शिकलेल्या नर्सेस होत्याच कुठे? त्यानं फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना पत्र लिहून विचारलं. त्यांनी सल्ला दिला की नर्सेस मिळत नसतील तर तुमच्याच शहरातल्या इस्पितळाशी जोडून शाळा काढा. त्याप्रमाणे लिव्हरपूलच्या रॉयल इन्फर्मरीला जोडून शाळा निघाली, आणि शहराचे अठरा विभाग पाडून प्रत्येक विभागाला नर्स देण्यात आली.

नाइटिंगेलबाईंचं या बाबतीतलं मत आपण नीट समजून घेण्यासारखं आहे. त्यांचं म्हणणं असं की घरोघर जाणारी नर्स ही इस्पितळातल्या नर्सपेक्षा अधिक तयारीची हवी. आपल्याला उलटंच वाटतं ना? मोठं इस्पितळ म्हणजे मोठं काम, आणि घरी येणारी म्हणजे साधी बाई. पण त्यांचा तर्क साधा होता. इस्पितळात डॉक्टर हाकेच्या अंतरावर असतो, सामान असतं, वरिष्ठ नर्स असते. घरात यातलं काही नसतं. तिथे ती एकटी. काय बिघडलंय, कुणाला बोलवायचं, किती वेळ थांबायचं, हे तिनं तिथल्या तिथे ठरवायचं. म्हणून ती अधिक शिकलेली हवी आणि तिला पगारही चांगला हवा.

हा विचार मान्य झाला, पण त्यात एक गोम शिरली. लिव्हरपूलच्या प्रत्येक विभागावर देखरेख करायला श्रीमंत घरच्या बायका होत्या. त्या पगार घेत नसत, उलट पदरचा खर्च करत. त्यांच्या हाताखाली पगारी नर्स. म्हणजे काम एकीचं आणि अधिकार दुसरीचा. लंडनमध्ये १८७४ साली अशीच संस्था निघाली. तिच्या प्रमुख फ्लॉरेन्स लीस यांचा आग्रह होता की या कामात कुलीन, शिकलेल्या स्त्रियाच घ्याव्यात. हेतू चांगला होता. कामाला प्रतिष्ठा यावी, नर्सचा शब्द डॉक्टरनं ऐकावा. पण प्रतिष्ठा कामाला मिळायच्या ऐवजी घराण्याकडून उसनी आणलेली होती. आपल्याकडच्या मंडळांतही हे ओळखीचं वाटेल. अध्यक्ष कोण? ज्यांच्या नावाची पाटी मोठी. आणि धावपळ कोण करतं? तिचं नाव अहवालात शेवटच्या ओळीत, 'इतर भगिनी' म्हणून.

१८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली. त्या निमित्तानं इंग्लंडातल्या बायकांनी वर्गणी काढून राणीला भेट दिली. त्यातले ७० हजार पौंड राणीनं गरिबांच्या घरी जाणाऱ्या नर्सेसच्या संस्थेला दिले. तेव्हापासून या नर्सेस 'क्वीन्स नर्स' म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. त्यांना शिक्षणाची अट होती, बिल्ला होता. लांबच्या सेवेचा म्हणून एकवीस वर्षांनंतर वेगळा बिल्ला मिळे. एकवीस वर्षं म्हणजे मुलगी जन्मून, शिकून, लग्नाला येते एवढा काळ! नाव, बिल्ला, गणवेश, पगार आणि शिक्षण अशा सगळ्या गोष्टी एकत्र आल्या तेव्हा कुठे घरोघरच्या शुश्रूषेला धंद्याचं रूप आलं. नुसता बिल्ला दिला असता तर तो पेटीत पडून राहिला असता.

याच रॅथबोनच्या घरात पुढे एक मुलगी झाली, एलिनॉर. वडिलांनी दुसऱ्यांच्या घरी जाऊन सेवा करणाऱ्या बाईला पगार दिला. मुलीनं त्याच्या पुढचा प्रश्न विचारला. आपल्याच घरात मुलं वाढवणाऱ्या, माणसं सांभाळणाऱ्या बाईचं काय? एलिनॉर रॅथबोन पार्लमेंटात निवडून गेल्या. भारतातल्या बालविवाहाच्या प्रश्नावरही त्यांनी पुस्तक लिहिलं. पण त्यांचं मोठं काम म्हणजे मुलांसाठी सरकारनं आईला भत्ता द्यावा, यासाठी चालवलेला लढा. तो जवळजवळ तीस वर्षं चालला. १९४५ साली कायदा आला तेव्हा मसुद्यात पैसे बापाच्या हाती द्यायचे असं होतं. एलिनॉरबाई अडून बसल्या. पैसे आईच्या हातातच पडले पाहिजेत, नाहीतर या कायद्याचा अर्थच उरत नाही, असं त्यांचं म्हणणं. सरकारला तरतूद बदलावी लागली. पुढच्याच वर्षाच्या सुरुवातीला त्या वारल्या. भत्ता प्रत्यक्ष वाटला जाताना पाहायला त्या राहिल्या नाहीत.

पैसा कुणाच्या हातात पडतो, यावर मान ठरतो. हे आपल्याला कुणी इंग्लंडाहून येऊन सांगायला नको.

आता अमेरिका. तिथे १९३८ साली कामगारांसाठी मोठा कायदा झाला. किमान वेतन ठरलं, जादा वेळेच्या कामाला जादा पैसे ठरले. घरकाम करणाऱ्या बायका त्यात नव्हत्या. १९७४ साली त्यांना कायद्यात घेतलं, पण एक पळवाट ठेवली. म्हाताऱ्या आणि अपंग माणसांना 'सोबत' करणाऱ्यांना हा नियम लागू नाही! ती सोबत म्हणजे शेजारीण संध्याकाळी येऊन पत्ते खेळते तशी सोबत, असं कुणालाही वाटेल. पण त्या एका शब्दात लाखो बायका अडकल्या. उचलणं, आंघोळ घालणं, लंगोट बदलणं, औषधं देणं हे सगळं 'सोबत' ठरलं.

एव्हलिन कोक ही जमैकाहून न्यूयॉर्कला आलेली बाई. वीस वर्षांहून अधिक काळ तिनं लोकांच्या घरी जाऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांची सेवा केली. कधी कधी अहोरात्र. जादा तासांचे पैसे कधी मिळाले नाहीत. तिनं दावा लावला आणि तो थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तोवर ती स्वतःच आजारी होती, मूत्रपिंडांच्या विकारानं खंगलेली. २००७ साली निकाल लागला. सगळ्या न्यायाधीशांनी एकमतानं तिच्या विरुद्ध कौल दिला, कारण नियमात तसं लिहिलं होतं. दोन वर्षांनी ती गेली. पण तिच्या हरण्यानं सगळ्यांचे डोळे त्या एका शब्दावर खिळले. २०१३ साली सरकारनं नियम बदलला आणि २०१५ मध्ये तो अमलात आला. मोर्चे, संघटना, वकील सगळे होते, पण त्या बदलाच्या मागे उभी होती ती हरलेली बाई. पुढारीण म्हणायचं ते हिला. तिला कुणी व्यासपीठावर बोलावलं नव्हतं. तिनं फक्त आपल्या कामाला दिलेलं खोटं नाव मान्य केलं नाही.

आपल्या देशात काय झालं? शिकलेल्या घरांतल्या बायकांनी नर्स व्हायचं, ही कल्पना शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडे सोसणारी नव्हती. परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा, मलमूत्र काढायचं, रात्रपाळी करायची. पुण्याला १९०९ साली रमाबाई रानडे यांनी सेवासदन सुरू केलं आणि ससून रुग्णालयाच्या आधारानं मुलींना, विधवांना परिचारिकेचं शिक्षण द्यायची सोय केली. विधवा बाई घरात राबतच होती. सगळ्यांची बाळंतपणं, सगळ्यांची आजारपणं तिच्याच वाट्याला. रमाबाईंनी त्याच हातांना शिक्षण दिलं आणि पगाराची वाट दाखवली. स्वतः विधवा असल्यामुळे त्यांना हे जितकं कळलं तितकं दुसऱ्या कुणाला कळलं असतं असं वाटत नाही.

पण घरात जाऊन करायच्या शुश्रूषेत बाईच्या शब्दाला खरं वजन कुठे मिळालं असेल, तर ते गडचिरोलीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथल्या खेड्यांत पाहिलं की नवजात बाळं पहिल्या महिन्यातच दगावतात. दवाखाना लांब, रस्ते नाहीत, आणि बाळंतिणीला घराबाहेर काढायची रीत नाही. तेव्हा त्यांनी विचार उलटा केला. बाळाला दवाखान्यात नेता येत नसेल तर दवाखाना बाळाच्या घरी न्यायचा. गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या बायकांना तयार केलं. त्यांना 'आरोग्यदूत' असं छान नाव दिलं. बाळाचं वजन करणं, ताप बघणं, श्वास मोजणं, ऊब देणं, दूध ओढतंय की नाही ते पाहणं हे त्यांना शिकवलं. जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखायला शिकवलं, आणि वेळ पडली तर इंजेक्शन द्यायलासुद्धा. खेड्यातली बाई इंजेक्शन देणार म्हटल्यावर भुवया उंचावणारच. पण ३९ गावांत हे काम झालं, त्याची तुलना ४७ दुसऱ्या गावांशी केली, आणि तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं आणि जगानं दखल घेतली.

इथे मला दिसतं ते असं. या बायकांच्या हाती नुसती सेवा दिली नाही, निर्णय दिला. हे बाळ आजारी आहे, याला आत्ता औषध हवं, हे म्हणायचा अधिकार दिला. सुईणीच्या काळी तो अधिकार होता, पण शिक्षण नव्हतं आणि माणुसकीचा मान नव्हता. गडचिरोलीत शिक्षण, अधिकार आणि नाव एकत्र आलं.

पुढे हेच काम देशभर 'आशा' कार्यकर्तींकडे आलं. २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं त्यात आशा आल्या, आणि २०११ पासून नवजात बाळाच्या घरी जाऊन तपासायचं काम त्यांना मिळालं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी बेचाळीस दिवसांत सहा वेळा जायचं. या सगळ्या फेऱ्यांचे मिळून ठरलेले पैसे किती? अडीचशे रुपये. हिशेब तुम्हीच करा, भाजीच्या पिशवीचा करता तसा.

करोनाच्या काळात याच आशा दारोदार फिरल्या. आपण दारं लावून आत बसलो होतो आणि त्या बाहेर होत्या. कुठे त्यांना लोकांनी हाकललं, शिव्या दिल्या, तरी पुन्हा दुसऱ्या दिवशी यादी घेऊन दारात उभ्या. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या दहा लाखांवर आशांना पुरस्कार दिला. त्या पुरस्काराच्या नावातच 'जागतिक आरोग्य नेते' असे शब्द आहेत. केवढा मोठा मान! पण त्याच आशा सरकारी कागदावर 'स्वयंसेविका' आहेत. त्यांना पगार नसतो, मानधन असतं. आमच्या कर्नाटकात २०२० च्या जुलैमध्ये त्या महिन्याला बारा हजार रुपये निश्चित मिळावेत म्हणून संपावर गेल्या होत्या. महाराष्ट्रातल्या आशांनी पुढच्या वर्षी संप केला. जगानं नेते म्हटलेल्या बायका आणि घरी मानधनासाठी रस्त्यावर बसलेल्या बायका, या दोन नाहीत, एकच आहेत. मानधन या शब्दात मान आधी येतो आणि धन मागून. प्रत्यक्षात दोन्ही रखडतं.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर आपल्या घरात येऊ. माझ्या सासूबाई अडीच वर्षं अंथरुणावर होत्या. ब्यूरोमार्फत एक अक्का यायच्या, सकाळी आठ ते रात्री आठ. आम्ही देत होतो त्यातला मोठा वाटा ब्यूरो ठेवून घेई, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. अक्का जैन नव्हत्या, पण आमच्याकडे सूर्यास्तानंतर खाणं नाही हे कळल्यावर त्यांनी सगळ्या दिवसाचं वेळापत्रक आपणहून बदललं. पेज, फळाचा गर, औषधं सगळं उजेडात बसवलं, आणि आईंच्या पोटात मात्र पुरेसं जाईल याची काळजी घेतली. एकदा डॉक्टर आले होते. ते मला विचारत होते, मी सांगत होते. अक्का मधेच म्हणाल्या, "साहेब, दोन दिवस झाले, आई पातळ काही घेतल्या की ठसका लागतोय. घट्ट दिलं की जातंय. पाणी छातीत जाईल म्हणून भीती वाटते." डॉक्टरांनी माझ्याकडे पाठ केली आणि अक्कांना विचारायला सुरुवात केली. कधीपासून, कुठल्या बाजूला झोपवल्यावर, आवाज बदललाय का. पाच मिनिटं ते दोघंच बोलत होते. जाताना डॉक्टर मला म्हणाले, "यांनी वेळेवर सांगितलं. यांना विचारत जा." त्या दिवशी अक्कांनी दुपारचा चहा माझ्याबरोबर स्वयंपाकघरात बसून घेतला. मला वाटतं, त्यांना मिळालेला तोच खरा सत्कार होता. पगार मात्र ब्यूरो ठरवील तेवढाच राहिला.

आपल्या धर्मात या कामाला नाव आहे, आणि ते फार मोठं आहे. वैयावृत्त्य. तत्त्वार्थसूत्रात सहा अंतरंग तपं सांगितली आहेत, त्यात प्रायश्चित्त, विनय यांच्या मागोमाग वैयावृत्त्य येतं आणि ध्यान त्याच्यानंतर. ज्यांची सेवा करायची त्या दहांमध्ये 'ग्लान' म्हणजे आजारी साधू वेगळा सांगितला आहे. समंतभद्राचार्यांनी तर रत्नकरंडक श्रावकाचारात वैयावृत्त्याला गृहस्थाच्या व्रतांत बसवलं. पण मला सर्वांत जास्त थक्क केलं ते शिवार्यांच्या भगवती आराधनेनं. सल्लेखना घेतलेल्या क्षपकाच्या सेवेसाठी तिथे अठ्ठेचाळीस निर्यापक सांगितले आहेत, आणि त्यांच्यात चार-चार करून कामं वाटून दिली आहेत. चौघांनी उठवायचं, बसवायचं, कूस बदलायची. चौघांनी मलमूत्र काढायचं. चौघांनी रात्री जागायचं. चौघांनी धर्मकथा सांगायची. मलमूत्र काढणारे आणि धर्मकथा सांगणारे एकाच यादीत, एकाच नावानं. उच्च-नीच नाही.

काळ कठीण असेल, माणसं कमी असतील, तर संख्या कमी करत आणायची मुभा ग्रंथ देतो. पण दोनाच्या खाली नाही. एकट्यानं हे काम करू नये, कारण एकटा सेवा करणारा एकतर स्वतःला टाकतो, नाहीतर आजाऱ्याला. इतकं स्पष्ट लिहून ठेवलं आहे! हा नियम साधूंसाठी आहे, घरासाठी नाही, हे मला माहीत आहे. पण आपल्या घरांत काय चित्र असतं? अठ्ठेचाळीस माणसांचं काम एक सून करते, किंवा एक अक्का. आणि मुलं, जावई, पुतणे आळीपाळीनं येऊन विचारतात, "आज कशी आहे तब्येत?"

समाजाच्या कार्यक्रमात 'आदर्श सून', 'सेवाभावी श्राविका' असे सत्कार होतात. शाल, श्रीफळ, फोटो. ते बंद करा असं मी म्हणत नाही. कष्ट केलेल्या बाईच्या खांद्यावर शाल पडली तर मलाही बरं वाटतं. पण मैत्रिणींनो, इतिहास सांगतो की शाल ही शेवटची गोष्ट आहे. आधी बाकीचं व्हायला हवं. लिव्हरपूलमध्ये बिल्ल्याच्या आधी शाळा निघाली होती. एलिनॉरबाईंनी सत्कार मागितला नाही, पैसे आईच्या हाती मागितले. गडचिरोलीच्या बायकांना हार घालायच्या आधी श्वास मोजायला शिकवलं आणि त्यांनी सांगितलेल्या आकड्यावर विश्वास ठेवला.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. आपल्या महिला मंडळांकडे जागा आहे, थोडाफार निधी आहे, ओळखीच्या डॉक्टर-नर्स भगिनी आहेत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कसं उचलायचं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचं, गिळायला त्रास होत असेल तर कसं भरवायचं, याचा एक वर्ग दरवर्षी घ्यावा. सुनांना आणि अक्कांना एकाच सतरंजीवर बसवून घ्यावा. पुरुषांनाही बोलवावं, अठ्ठेचाळीसांत ते होतेच. दर घरानं अक्काला आठवड्याची एक सुट्टी द्यावी आणि त्या दिवशी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी उशाशी बसावं. आणि डॉक्टर आले की आधी अक्काला बोलू द्यावं.

एवढं जमलं, तर सत्काराच्या दिवशी व्यासपीठावर दोन खुर्च्या जास्त मांडाव्या लागतील. मांडू या.